‘लग्नगडी’, ‘गुप्तदान’ आणि ‘रोखा’ : एका न्यायनिर्णयाची शब्दपरीक्षा

डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या सामाजिक इतिहासात ‘लग्नगडी’ हा शब्द अभ्यासकास वारंवार भेटतो. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेणारा वारली तरुण त्या पैशांपायी वर्षानुवर्षे वेठीस बांधला जाई. १९४५ मध्ये सुरू झालेल्या किसान सभेच्या लढ्याने ही प्रथा मोडली. या शब्दाचे मर्म असे की, जे मदत म्हणून दिले जाते ते घेणाऱ्यास ‘गडी’ करते. तथापि तो कोणाचा गडी, हे निदान पाड्यावर सर्वांस ठाऊक असे.

राजकीय पक्षांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांविषयीचा वाद याच प्रश्नाचा होता. २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेनुसार एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे निवडणूक रोखे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षास देता येत. देणाऱ्याचे नाव मतदारास कळत नसे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) आदींनी या योजनेस आव्हान दिले. यांपैकी शेवटच्या पक्षाचे विनोद निकोले २०१९ व २०२४ मध्ये डहाणूतून विधानसभेवर निवडून आले, म्हणून येथील मतदारास हा वाद परका नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने योजना घटनाबाह्य ठरविली.

देणाऱ्यास सूडापासून संरक्षण हवे, असा शासनाचा युक्तिवाद होता. मराठी कानास येथे ‘गुप्तदान’ आठवते. परंतु हे साम्य वरवरचे होय. गुप्तदानात दाता आपले नाव लपवितो ते मोबदल्याचा व मानाचा त्याग म्हणून. रोख्याच्या व्यवहारात देणारा घेणाऱ्यास आपली ओळख पटवून देऊ शके, बँकेसही ती ठाऊक असे. अंधारात राहत असे तो मतदारच. ‘रोखा’ हा शब्दही येथे आपल्या अर्थास मुकला. कर्जरोख्यात धनको व ऋणको नावांनिशी येतात. निवडणूक रोख्यावर दोघांचीही नावे नव्हती.

ही चिंता नवी नव्हे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीस राजकीय देणग्या देण्याची मुभा हवी होती, त्या प्रकरणी १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने अनुमती दिली. मात्र लोकशाहीस असलेल्या धोक्याकडे संसदेचे लक्ष वेधले. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली आणि २०१७ मध्ये नफ्याशी निगडित मर्यादाही काढण्यात आली. ही अमर्याद मुभाही घटनापीठाने रद्द केली.

निर्णयाचे मोठेपण असे की, त्याने राजकीय निष्ठेची अभिव्यक्ती म्हणून दिलेला पैसा आणि मोबदल्याच्या अपेक्षेने दिलेला पैसा यांत भेद केला. उणीव अशी की, या भेदास काटेकोर कसोटी मिळाली नाही. मराठीत ‘वर्गणी’ व ‘देणगी’ हे दोन शब्द आहेत : वर्गणी म्हणजे अनेकांनी वाटून उचललेला भार, तीत एकाचे नाव झाकले तरी घेणारा त्याचा गडी होत नाही. कायदा हा भेद केवळ रकमेने मोजतो. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगास कळविणे पक्षास आजही बंधनकारक नाही. त्यामुळे मोठी देणगी तुकडे होऊन वर्गणीच्या वेषात येऊ शकते.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. न्यायालयाने बँकेची मुदतवाढीची विनंती फेटाळल्यावर मार्च २०२४ मध्ये नावे प्रसिद्ध झाली, ती इंग्रजी कोष्टकांत. ज्या मुलखात सावकाराची वही वाचता न येणे हेच दास्याचे एक साधन होते, तेथे केवळ प्रसिद्धी म्हणजे माहिती नव्हे. मतदाराचा जाणण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला आहे. हा हिशेब त्याला वाचता येईल अशा मराठीत मांडण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते विद्यापीठांनी आपले मानावे.