उसना गळा

सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मी पाहते तेव्हा अनुवादकाचा प्रश्न मनात असतो: मूळ नाटकातले काय पलीकडे गेले आणि काय अलीकडेच राहिले?

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७चे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. खाँसाहेब अहंकारी, घराण्याची विद्या घराण्यातच ठेवू पाहणारे. तरीही प्रेक्षक त्यांच्याकडे ओढला जातो, कारण हा माणूस आपल्यासमोर, स्वतःच्या श्वासाने गात असतो. ज्याच्यावर रागवायचे त्यालाच आपण ‘वन्स मोअर’ देतो. नाटकाचा खरा पेच मला इथे दिसतो.

चित्रपटात खाँसाहेब आहेत सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडे यांचा. सदाशिव झालेल्या सुबोध भावे यांना आवाज महेश काळे यांचा. २०१०मध्ये नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा राहुल आणि महेश हेच या भूमिका स्वतः गाऊन करत. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र पडद्यावरही स्वतःच गातात. म्हणजे सामन्यात एक गवई अखंड, तर दुसऱ्याचा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा.

पार्श्वगायन ही आपल्या सिनेमाची रुळलेली रीत, आणि सचिन यांची मेहनतही दिसते. पण ही कथाच विद्या कोणाची, गळा कोणाचा, यावर उभी आहे. गाणे समोर घडत नसल्याने खाँसाहेबांचे मोठेपण प्रसंगांनी पटवावे लागते. त्या प्रसंगांत त्यांचा मत्सर अधिक ठसतो आणि ते खलनायकाच्या जवळ सरकतात. रंगमंचावर एखादी तान त्यांना माफ करून टाकते. पडद्यावर त्यासाठी पश्चात्ताप दाखवावा लागतो.

तरीही महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नाटकाचा प्रयोग क्वचितच मिळतो. माझ्या अमराठी मित्रांपर्यंत अभिषेकींच्या चाली पोहोचल्या त्या या चित्रपटामुळेच. उपशीर्षकांत पदांचा जेमतेम अर्थ उतरला होता, पण ताना ऐकताना कोणी उपशीर्षकांकडे पाहत नव्हते. म्हणून चित्रपट जरूर पाहावा, आणि नंतर वसंतरावांचे ध्वनिमुद्रण शोधून ऐकावे. नुसत्या आवाजातूनही तिथे एक सबंध माणूस भेटतो.