नकाशातला तट आणि ओस पडलेली वस्ती

विरारच्या फुलपाडा भागातील शिक्षकाने परिसराचा इतिहास शिकवायला घेतला, की मुलांची सहल बहुधा वसईच्या किल्ल्यावर जाते. तेथे सांगितले जाते, की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज वसईचे वैभव संपले. हे विधान अपुरे आहे, असे आम्हाला वाटते. दोन जुनी साधने शेजारी ठेवून वाचली, तर ते लक्षात येते.

पहिले साधन म्हणजे अंतोनियु बोकारूच्या १६३५ च्या ग्रंथातील वसईचा आराखडा. हा ग्रंथ पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांची माहिती राजाला देण्यासाठी तयार झाला. साहजिकच त्यात तट आणि बुरूज यांना महत्त्व आहे. तटाआडची किती घरे भरलेली होती, हे आराखडा सांगत नाही.

दुसरे साधन इटालियन प्रवासी जेमेली कारेरी याचे वर्णन. तो १६९५ मध्ये वसईला आला. शहराचा उत्तरेकडील सुमारे एक तृतीयांश भाग प्लेगमुळे ओस पडल्याचे त्याने नोंदवले आहे. म्हणजे मराठ्यांच्या विजयाआधी ४४ वर्षे शहराला ओहोटी लागली होती. नकाशातला तट शाबूत, आतली माणसे मात्र कमी झालेली!

पण कारेरीही तपासूनच घ्यावा. तो वाटसरू होता. त्याने शिरगणती केली नव्हती. ‘एक तृतीयांश’ हा नजरेचा अंदाज आहे. शिवाय प्लेगचा जीवाणू सापडला १८९४ मध्ये, आणि उंदरावरच्या पिसवांचा संबंध सिमाँ याने दाखवला १८९८ मध्ये. त्याआधी अनेक प्राणघातक साथींना हेच नाव मिळत असे. म्हणून ‘प्लेग’ हा कारेरीचा शब्द म्हणून वाचावा, रोगनिदान म्हणून नव्हे. लंडनमधील १८५४ च्या पटकीचा नकाशा जॉन स्नो काढू शकला, कारण मृत्यू कोणत्या घरी झाला याची नोंद त्याला मिळाली. आपल्या दोन्ही साधनांत तशी नोंद नाही.

तिसरे पुस्तक अनेक शिक्षक हाताशी ठेवतात, ते १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. माहितीचा खजिनाच तो. पण मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये. त्या साथीचा ठावठिकाणा यात शोधणे व्यर्थ आहे. ती दिसली नाही म्हणून ‘आपल्याकडे आलीच नाही’ असा निष्कर्ष काढणे तर चुकीचेच.

वर्गात प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी केले, कोणासाठी केले, आणि यात काय वगळले? ‘पाडा’ म्हणजे छोटी वस्ती. किल्ल्याच्या आराखड्यात फुलपाडा दिसणार नाही. त्यावरून एखादी मुलगी म्हणाली, की १६३५ मध्ये इथे कोणी राहतच नव्हते, तर शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये. हेच तीन प्रश्न तिच्यापुढे ठेवावेत.