'दिसला' की 'पाहिला'?

रेजिनाल्ड रोझ यांचे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५४) हे संशयाच्या विजयाचे नाटक म्हणून वाखाणले जाते. त्यातील निर्णायक साक्ष एका स्त्रीची आहे, आणि ती स्वतः कोठेच अवतरत नाही. धावत्या आगगाडीच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून तिने समोरच्या घरातील खून पाहिला, असे ज्यूरीतील मंडळी सांगतात. इंग्रजीत हे एका क्रियापदात भागते. मराठी अनुवादकाला मात्र थबकावे लागते. मुलगा तिला 'दिसला', की तिने त्याला 'पाहिले'? 'दिसला' यात डोळ्यांपुढे आले तेवढ्याचीच कबुली. 'पाहिले' म्हणताच कर्तृत्व येते, आणि त्यामागून खात्री.

ती मुलाला लहानपणापासून ओळखत होती. अस्पष्ट आकृतीला ओळखीचा चेहरा मनच पुरवते. रोझ हा धागा हाती असून सोडतात आणि नाकावरील चष्म्याच्या वणांवर भिस्त ठेवतात. दोष नजरेचा ठरला की खात्रीची चौकशी करावी लागत नाही! ही सोय मला उथळ वाटते.

ग्लासगोतील एका वृद्धेच्या खुनाबद्दल ऑस्कर स्लेटरला १९०९ मध्ये दोषी ठरविण्यात आले. तेथे घटनेच्या वेळी चष्मा नसलेला शेजारीच 'पुष्कळ साम्य आहे' एवढे म्हणून थांबला. निःशंक बोलल्या त्या दोघी. त्यांपैकी एकीला तरी ओळख पटविण्यापूर्वी स्लेटरचे छायाचित्र दाखविले गेले होते. कॉनन डॉयल यांनी १९१२ च्या पुस्तिकेत ही साक्ष उसवून दाखविली. दोषसिद्धी रद्द व्हायला १९२८ उजाडले, तेही न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या चुकीच्या मार्गदर्शनाच्या कारणावरून.