‘बॅटलहॉक्स १९४२’ : एक परीक्षण

संगणकावर खेळावयाचा विमानयुद्धाचा खेळ या त्रैमासिकाच्या परीक्षणास पात्र आहे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्या कृतीनें आपल्या नांवांतच इसवी सनाचें वर्ष घातलें, तिनें त्या वर्षाचा हिशेब दिला पाहिजे. लुकासफिल्म गेम्स या अमेरिकन संस्थेनें १९८८ त काढलेला व लॉरेन्स हॉलंड यांनीं रचलेला हा खेळ आतां जुना झाला आहे. तथापि त्याच्याच रचनाकाराचे पुढील विमानयुद्धाचे खेळ या पायावर उभे राहिले, म्हणून ही छाननी.

प्रवाळसमुद्र, मिडवे, पूर्व सॉलोमन व सांताक्रूझ या चार आरमारी लढाया यांत घेतल्या आहेत. खेळणारास अमेरिकेचा वा जपानचा, कोणत्याहि पक्षाचा वैमानिक होतां येतें. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. एकाच पक्षाच्या कागदांवरून लढाई लिहिणारे आमच्यांतहि थोडे नाहींत.

दोष मात्र लहान नाहींत. अमेरिकेचें टॉर्पेडो टाकणारें विमान म्हणून ‘अ‍ॅव्हेंजर’ दिलें आहे. प्रवाळसमुद्राच्या लढाईंत तें नव्हतेंच. ७ मे रोजीं ‘शोहो’ बुडविण्यांत वांटा होता तो संथ अशा ‘डेव्हॅस्टेटर’ विमानांचा. मिडवेस ४ जून रोजीं सहा अ‍ॅव्हेंजर बेटावरून उडालीं व त्यांतील पांच पडलीं. नौकांवरून गेलीं तीं डेव्हॅस्टेटरच. ‘हॉर्नेट’वरून निघालेल्या आठव्या टॉर्पेडो पथकाचीं पंधराहि डेव्हॅस्टेटर विमानें नष्ट झालीं, व त्यांतील तीस जणांपैकीं एकटा जगला. तें संथ विमानच गाळल्यावर हा संहार कां झाला, हें खेळणारास कसें कळावें?

शिवाय खेळ सुरू होतो तो आकाशांत, शत्रु जवळ आल्यावर. उड्डाण नाहीं, नौकेवर उतरणें नाहीं, शोध तर नाहींच. प्रवाळसमुद्रांत दोन्ही आरमारांनीं एकमेकांस डोळ्यांनीं पाहिलें देखील नव्हतें! मिडवेस मॅक्लस्कीनें, इंधन सरत आलें असतां, एका जपानी विनाशिकेच्या दिशेवरून शत्रूचा माग काढला आणि लढाई फिरली. असला प्रसंग या रचनेंत बसत नाहीं.

आणि एप्रिल कोठें गेला? खेळांतील १९४२ मे महिन्यांत उजाडतें. ५ एप्रिलास जपानी विमानांनीं कोलंबोवर हल्ला केला. त्याच दिवशीं ‘कॉर्नवॉल’ व ‘डॉर्सेटशायर’, आणि ९ रोजीं लंकेच्या पूर्वेस ‘हर्मीस’ ही विमानवाहू नौका, अशा तीन ब्रिटिश नौका ‘व्हॅल’ विमानांनीं बुडविल्या. हेंच विमान या खेळांत खेळणाराच्या हातीं दिलेलें आहे. ६ एप्रिलास ‘र्‍यूजो’वरील विमानांनीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब टाकले. ती र्‍यूजो २४ ऑगस्टास पूर्व सॉलोमनच्या लढाईंत बुडाली. ती लढाई खेळांत आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील तिचा पराक्रम नाहीं.

आम्ही हें लिहितों तें खापा येथून. कन्हानकाठच्या या विणकरी गांवास समुद्राशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. पण कन्हान वैनगंगेस मिळते, वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरींत जाते, आणि गोदावरीच्या मुखाजवळच काकिनाडा आहे. पुढें कोणी हा खेळ नव्यानें रचील, तर त्यास जपानच्या बाजूनें नवीं विमानें घडविण्याचें फारसें कारण पडणार नाहीं. कोलंबोच्या ‘हरिकेन’ विमानांची भर घालावी लागेल, आणि विशाखापट्टणचा एक नकाशा लागेल.