पात्र आणि दीप : एका रूपांतराची मीमांसा

चीनच्या झेजियांग प्रांतातील चिंगत्येन येथील दगड शंखजिऱ्यासारखा मऊ असून हत्याराने सहज कोरला जातो. वेलीफुलांनी वेढलेली त्याची पात्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी युरोप-अमेरिकेत गेली. पुढे विजेचे दिवे घरोघर आले, तेव्हा अशा कित्येक पात्रांच्या तळाला भोक पाडून त्यांतून तार नेण्यात आली व मुखावर दिवा बसविण्यात आला. या रूपांतराचे मूल्य कसे ठरवावे?

उपयोग बदलला म्हणजे वस्तू भ्रष्ट झाली, हे मत टिकण्यासारखे नाही. ‘पात्र’ हा शब्दच पाहावा. ‘पा’ म्हणजे पिणे, या धातूपासून तो साधला जातो. परंतु मराठीत नदीचे पात्र असते, नाटकातील पात्र असते आणि विश्वासास पात्र असा माणूसही असतो. व्युत्पत्तीच्या नावाने हे अर्थ कोणी नाकारीत नाही. मात्र या अर्थविस्तारात मूळ अर्थ लोपलेला नाही. पूजेतले पात्र आजही पात्रच आहे.

कलावस्तूलाही हीच कसोटी लावता येते. फ्रान्समधील सँ-दनी मठाचा अधिपती स्यूजे (कारकीर्द ११२२ ते ११५१) याला पेटीत निरुपयोगी पडून असलेले एक प्राचीन पॉर्फिरी-पात्र सापडले. त्याने त्याला मुलामा दिलेल्या चांदीचे मस्तक, पंख व पाय जोडून गरुडाचे रूप दिले. आज लूव्र संग्रहालयात असलेल्या या वस्तूत पात्राचा घाट हाच गरुडाचा देह आहे. नवा अर्थ जुन्यावर उभा आहे.

तूतनखामुनच्या १९२२ साली उघडकीस आलेल्या थडग्यातील दगडी दीपाचीही साक्ष घेण्यासारखी आहे. आत ज्योत पेटली की पातळ भिंतीतील राजाराणीचे चित्र उमटते. तेथे दगड प्रकाशाला धारण करतो. मेजावरच्या दिव्यात प्रकाश दगडाच्या डोक्यावर बसतो. कोरीव काम केवळ बैठकीची शोभा ठरते, आणि तळाच्या भोकामुळे पात्राची धारणशक्तीच संपते. हा अर्थविस्तार नव्हे, अर्थलोप होय.

तथापि तार काढून व भोक बुजवून मूळ पात्र परत मिळत नाही. उलट रूपांतराचा पुरावा मात्र नष्ट होतो. म्हणून सूचीकाराने कोरीव कामाइतक्याच काळजीने त्या भोकाचीही नोंद करावी. कोशकार शब्दाचे मूळ देतो, तद्वत त्याचा आजचा अर्थही देतो. तो लपविणारा कोश अपुराच म्हणावा लागेल.