लहान, पण खुजा नव्हे

मिनिएचर श्नाउझर या कुत्र्याची दाढी पाहणाऱ्याला अशी भुरळ घालते की नजर तिथेच थांबते. खरी करामत पुढे आहे. याची खांद्यापाशी उंची जेमतेम 30 ते 35 सेंटिमीटर. पण छायाचित्रात शेजारी मापाला काही नसेल, तर हा मूळचा मध्यम बांध्याचा श्नाउझरच वाटावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या परिसरात हा लहान श्नाउझर आकाराला आला. 1899 पर्यंत तो स्वतंत्र जात म्हणून प्रदर्शनांत उतरला होता. शेतावरचे उंदीर मारणारा, राखण करणारा मध्यम श्नाउझर घेऊन त्याचा संकर आफेनपिन्शरशी केला गेला. पूडलचेही रक्त असावे असे मानतात. आता आफेनपिन्शर म्हणजे माकडासारखा आखूड चेहरा आणि टपोरे गोल डोळे. त्याच्याकडून उंची कमी करून घ्यायची आणि चेहरा मात्र येऊ द्यायचा नाही, हे सोपे नव्हे. श्नाउझरचे डोके बाजूने पाहा: लांबट, सपाट माथा, नाकाची रेघ त्याला समांतर, डोळे लंबगोल, काळेभोर. खुजेपणाची एकही खूण नाही! छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी उंचीइतकीच, म्हणून उभा राहिला की चौकोन आखल्यासारखा दिसतो.

आणि त्याचे केस! वरचा थर तारेसारखा राठ, खाली मऊ लव. मिरी-मीठ रंगाच्या कुत्र्याच्या पाठीवरचा एक केस उजेडात धरा. बहुतेक केसांवर काळे-पांढरे पट्टे आढळतील. त्यांत काही निव्वळ काळे, काही निव्वळ पांढरे केस मिसळलेले असतात. दुरून दिसणारा पोलादी करडा रंग या मिसळणीतून उमटतो. भुवया, दाढी आणि पायांकडे तो फिकट रुपेरी होत जातो. किती संयमाची रंगसंगती!

म्हणूनच जाणकार पाठीवर मशीन फिरवत नाहीत, पूर्ण वाढून सैल झालेले केस बोटांनी खुडतात. मशीनने केस मध्येच कापला जातो, राठपणा जातो, पट्टे विरतात आणि अंग मऊ, फिकट दिसू लागते. खुडण्याला वेळ फार लागतो हे खरे. पण तुमच्या घरी हा कुत्रा असेल, तर केस कापून घेण्याआधी हाताने खुडणारा कुणी मिळतो का, ते जरूर शोधा.