चरित्रनोंद आणि अनुल्लेख : आंतरजालीय कोशांच्या निमित्ताने

सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा चरित्रकोश प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन अशा तीन खंडांत १९३२ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात कोणाला स्थान द्यावयाचे हा निर्णय संपादकाचा होता, आणि त्याची जबाबदारीही त्याच्याच नावावर होती. विकिपीडियासारख्या मुक्त कोशात असा एक संपादक नसतो. त्याची जागा नियमांनी घेतलेली आहे. व्यक्ती उल्लेखनीय असावी, हा त्यांपैकी प्रमुख नियम. ही उल्लेखनीयता प्रामुख्याने, त्या व्यक्तीविषयी स्वतंत्र, विश्वसनीय व प्रकाशित साधनांत पुरेसे लेखन झाले आहे की नाही यावरून ठरते. म्हणजे येथे मोजमाप होते ते कर्तृत्वाचे नव्हे, तर कर्तृत्वाविषयीच्या लेखनाचे. कोशचरित्राची चिकित्सा या भेदापासून सुरू व्हावयास हवी.

साधारतेचा आग्रह अनाठायी नाही. अमेरिकन पत्रकार जॉन सीगेन्थालर यांच्या इंग्रजी नोंदीत २००५ मध्ये, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर एका निनावी लेखकाने घातला आणि तो काही महिने तसाच राहिला. पुढे हयात व्यक्तींच्या चरित्रांविषयीचे धोरण कडक झाले. वादग्रस्त निराधार विधान चर्चेची वाट न पाहता काढून टाकावे, असे ठरले.

परंतु हाच आग्रह अनुल्लेखाचेही कारण होतो. कॅनडातील पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील नोंदीचा मसुदा मे २०१८ मध्ये, दिलेली साधने अपुरी असल्याच्या कारणावरून, नाकारला गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर होताच नोंद प्रसिद्ध झाली. ज्या संशोधनासाठी हा सन्मान मिळाला ते १९८५ मधील होते. त्या संशोधनातील सहकारी व पारितोषिकाचे सहमानकरी जेरार मूरू यांची नोंद मात्र आधीपासूनच होती. कोशाने येथे नवा भेदभाव निर्माण केला असे म्हणता येणार नाही. वृत्तपत्रे व संस्था यांच्या मौनाला त्याने नियमाचे रूप दिले.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या कवनांच्या आधारे त्यांचे चरित्र उभे करता येते. त्यांच्या फडातील पवळा मात्र बहुधा त्यांच्याच चरित्रातील एक प्रकरण म्हणून उरते. तमाशातील स्त्रीकलावंतांचे कर्तृत्व रंगमंचावर आणि सहकलावंतांच्या आठवणींत असते. छापील साधन मागणाऱ्या कोशाला त्या आठवणी पुरावा म्हणून चालत नाहीत. मौखिक कथनाचे ध्वनिमुद्रण आधार म्हणून देण्याचा एक प्रयोग २०११ मध्ये अचल प्रभाला यांच्या पुढाकाराने हिंदी, मल्याळम व सेपेदी या भाषांसाठी झाला. पुरावा म्हणजे काय, हा मूळ प्रश्न त्याने पुढे आणला.

तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच नोंदीच्या तटस्थ शैलीवर समाधान मानू नये. एकाच व्यक्तीची दोन भाषांतील चरित्रे वेगळी का दिसतात, याचे उत्तर पुष्कळदा दृष्टिकोनापेक्षा उपलब्ध साधनांत सापडते. साधारतेचा नियम सैल केल्यास सीगेन्थालर प्रकरणाची पुनरावृत्ती संभवते. तो आहे तसाच ठेवून स्वस्थ बसल्यास पवळेसारख्यांचा अनुल्लेख कायम होतो. या पेचातून मार्ग निघतो तो कोशाच्या बाहेर : मौखिक सामग्री संकलित करून, तिची चिकित्सा करून ती प्रकाशित करण्यात. ते काम विद्यापीठीय संशोधनाचे आहे.